राहेलबाईंचा गाठाळ दोर

शांतवनबाबा खैरवाडीला येऊन वर्ष होत आले होते. प्रभुमंदिराच्या ओसरीवर एक घोंगडी, एक तांब्या आणि ओठी येशूचे नाव, एवढाच त्यांचा संसार! गाव दोर वळणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे. तिथेच राहेलबाई नावाची विधवा राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा शमुवेल गेल्या सुगीत भांडून घर सोडून गेला, तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. माउलीचे रडे थांबेना.

बाबा तिला म्हणाले, "राहेल, अंबाडीचा दोर वळायला घे. रोज चार बोटे वळ, त्या दिवसाचा एक उपकार आठव आणि गाठ मार."

तिने तसेच केले. पण दोराला गाठ म्हणजे त्या गावात नामुष्की. गाठीचा दोर चाकावरून सरकत नाही, बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. मंडळीचे पंच एलिया मास्तर तर येता-जाता टोमणे मारीत. "काय राहेलबाई, पोरगं पळालं, त्याचीही गाठ मारली का?" शहाण्याला जीभ आवरत नाही, हेच खरे! ती मान खाली घालून वळत राही.

एका शुक्रवारी सकाळीच ती बाबांपुढे दोर टाकून बसली. "बाबा, आज काय न्हाई. आज सपान पडलं, शमू दारात हुता. उठून बघते तर दार मोकळं. कशाचं उपकार मानू?"

बाबांचेही डोळे भरून आले. "शोध, बाई. आजचा दिवस रिकामा सोडू नकोस."

ती कितीतरी वेळ वाटेकडे बघत राहिली. मग चार बोटे वळून तिने गाठ मारली.

दुपारी ओरडा झाला. पाणी किती उरले हे पाहायला मास्तर विहिरीवर वाकले होते, काठाचा दगड निसटला. त्यांनी पोहऱ्याचा दोर धरला, तोही तुटून त्यांच्यासकट आत गेला. आणि बाजाराचा दिवस! सगळा माल विकायला गेलेला; दोरांच्या गावात एक दोर शिल्लक नव्हता.

"राहेल, तुझा दोर!" बाबा म्हणाले.

ती धावत आली. दोर आत सोडला. खालून मास्तर ओरडले, "पोचला! शेवटची गाठ हातात आलीय!" गाठीगाठीवर पाय रोवत मास्तर वर आले. साधा दोर असता तर ओल्या हातांतून सुटला असता!

पण मास्तर हिशेबी गडी. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहीर मोजली, काठापासून पाण्यापर्यंत बारा परस, म्हणजे बारा माणसांच्या उंचीएवढी. दोर मोजला, दहा परस. तीनदा मोजला. मग ते येऊन बाबांच्या पायांवर पडू लागले.

बाबा मागे सरले. "मी काही केले नाही. ज्या प्रभूने केले त्याला वंदा, आणि जिला हसलात तिला."

मास्तर राहेलबाईंच्या उंबऱ्याशी गेले. "बाई, माझ्या हातात आली ती गाठ कशाची होती?"

"वाट बघाया डोळं शाबूत हायेत, म्हनून मारली हुती, मास्तर."

मास्तरांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. त्या दिवसाची गाठ तिच्याकडून मागून त्यांनी स्वतः मारली, आणि दिवस मावळेपर्यंत तिच्याशेजारी बसून शमुवेलची वाट पाहिली.