वीस अंगठ्यांचा राजा

एका राज्यात अशी रीत होती, की राजाने कधी ‘दुखते’ म्हणायचे नाही. ज्याला जन्मात काही दुखले नाही अशाच कुणा शहाण्याने ती घातली असावी. राजा वीरकेतू ती जिवापाड सांभाळी.

एकदा त्याला गुहेत मांत्रिकाचा शापित ठेवा सापडला: सोन्याच्या वीस अंगठ्या. हातापायांच्या वीसही बोटांत त्याने त्या चढवल्या. मग त्या निघेनात. रोज जवभर आवळत गेल्या. बोटे पांढरीफटक पडली, मग निळी झाली, शेवटी बधिर; कळ मात्र हातापायांत वर चढत राहिली. वैद्य म्हणाले, “बोटांत रक्त पोचत नाही. पौर्णिमेपर्यंत पोचले नाही, तर बोटे कापावी लागतील.”

राणी कुमुदिनीने विचारले, “महाराज, फार त्रास होतो?”

“छे. जरा गारठा आहे.”

भर वैशाखात गारठा! राणीने कपाळावर हात मारला.

राणीची साळुंकी त्याच गुहेत जन्मलेली. ती म्हणाली, “शाप उतरायला तीन गोष्टी लागतात. ऊन झऱ्याचे पाणी, हिमगिरीच्या मेंढीची लोकर आणि राजाच्या तोंडचा खरा शब्द.”

राणी सात डोंगर ओलांडून पाणी घेऊन आली. सात डोंगरांनंतरही ते वाफाळत होते; निवण्याआधीच राजाने हात बुडवला. कातडी भाजली तरी त्याला कळले नाही. “कोमट आहे,” म्हणाला. राणी पुन्हा सात डोंगर चढली, लोकर आणली, मोजे विणले. “आता बरे वाटते,” राजा म्हणाला, आणि अंगठ्या आणखी आवळल्या. तिसरी गोष्ट घरातच होती. तीच मिळेना.

पौर्णिमेला वैद्य शस्त्र घेऊन आले. राजाने मुकाट हात पुढे केला.

मग मात्र राणीचा तोल सुटला. “चौदा डोंगर तुडवले मी. टाचा फुटल्या. मला दुखते, महाराज, फार दुखते. हे बोलले म्हणून माझे राणीपण कुठे गेले?”

राजाने तिच्या पायांकडे पाहिले.

“दुखते ग,” तो हळूच म्हणाला. “पहिल्या दिवसापासून दुखते.”

वीसही अंगठ्या खणखणत खाली पडल्या. बोटांत रक्त उतरले, मुंग्या आल्या, आणि राजा दिवसभर कण्हत राहिला. कुणी त्याला गप्प बसवले नाही. ठेवा गुहेत परत गेला, आणि ती रीत त्याच दिवशी दरबारात मोडली.

संध्याकाळी राजाने दासींना बाहेर पाठवले आणि स्वतः राणीच्या टाचांना तेल लावले. कित्येक दिवसांनी त्याच्या बोटांना काही कळले, ते तिच्या भेगा.