तान्हूबाईचं हिरवं पाणी

शिरळवाडीच्या वडाला अजून पारंब्या फुटायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली नदी पार आटली. डोहाच्या चिखलात तडफडणारे चाळीस मासे तान्हूबाई भोइणीनं लुगड्याच्या ओच्यात घालून घरी आणले आणि परसातल्या दगडी कुंडात सोडले. नदीत दुसरा मासा उरला नव्हता. ह्यांच्याच पिल्लांनी नदी पुन्हा भरेल, एवढीच तिची आशा.

कुंडाचं पाणी ती जिभेवर घेऊन पारखायची, असं म्हणतात. रोज सात घागरी उपसायची आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या सात घागरी हळूहळू ओतायची. कोणी कौतुकानं मूठभर भात टाकू लागलं की त्याचा हातच धरायची.

"उरल्यालं कुजतंया, अन् त्येच पानी त्यांच्या नाकातोंडात जातंया!"

भिंतीवरच्या शेवाळाला मात्र ती बोटही लावत नसे; त्यानंच पाणी जितं राहतं, म्हणायची.

एकदा ती भाचीच्या लग्नाला गेली. सरसाबाई पाटलिणीचा तान्हूबाईवर भारी जीव. बिचारीचं कुंड किती हिरवं झालंय म्हणून तिनं बायका जमवल्या. मासे हंड्यांत काढले, सगळं पाणी केळीत सोडलं, भिंती काथ्यानं घासून लख्ख केल्या आणि विहिरीचं गार पाणी भरून मासे परत सोडले. काय म्हणावं ह्या मायेला!

तान्हूबाई भर दुपारी परतली. तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, आणि चाळीसही मासे पोट वर करून! कल्ले जेमतेम हलत होते.

"माजं पानी कुटं टाकलंसा?" तान्हूबाईनं विचारलं.

"केळीत वतलं, बाई," सरसाबाई कशीबशी म्हणाली.

तान्हूबाई केळीकडे धावली. तिथला हिरवा गाळ, खरवडलेलं शेवाळ ओंजळीओंजळीनं आणून कुंडात टाकू लागली. बाईला वेड लागलं, असंच सगळ्यांना वाटलं. मग ती गळ्याएवढ्या पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पाणी घुसळत राहिली. तीन दिवस. तिच्या केसांत शेवाळ उगवलं, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी एक मासा सरळ झाला, मग दुसरा, मग सगळेच. तान्हूबाई मात्र दिसेना. माणसं उतरली, तळ चाचपला. बाई नव्हती. मासे मोजले, तर एक्केचाळीस!

आजही दरवर्षी पाटलांची थोरली सून हातात गाळ घेऊन कुंडाशी येते आणि अख्ख्या गावासमोर म्हणते, "तान्हूबाई, न इचारता हात लावला. चुकलं आमचं." मगच त्या वर्षीची पिल्लं नदीत सोडतात.