लहानू पाव्हणे फिरवतो

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा आपलं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणायचं. गावात त्याला कोणी भोळा म्हणत नसे, ठोंब्या म्हणत. नाव लहानू. अंगानं आडदांड, खायला वाघ, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. दुसरी आत शिरली की पहिली बाहेर.

गाव डोंगराच्या पायथ्याला होतं, वाघदरा. वर माथ्यावर एक वाडी होती, तिला नुसतं वरची वाडी म्हणत. तिथं लहानूचा मामा राहायचा, कोंडाजी. शहरातल्या लोकांना डोंगर फिरवून आणायचा, हा त्याचा धंदा. त्याला एकच पोरगी, हौसा. आई गेल्यापासून घर तीच बघायची. तोंडानं तिखट, पण हाताला चव होती. आणि मामाची पोरगी म्हटली की तिच्यावर भाच्याचा हक्क. हा हक्क कोणी घालून दिला देव जाणे, पण लहानूची आई साळूबाई तो मुठीत घट्ट धरून बसली होती.

"दादा, हौसा माझ्याच उंबऱ्यातून आत आली पायजे," ती म्हणायची. "दुसरीकडं दिलीस तर माझं तोंड बघू नको."

कोंडाजीची पंचाईत झाली. बहिणीला नाही म्हणवेना, आणि पोरगी ठोंब्याच्या गळ्यात बांधवेना. त्यानं हौसाला विचारलं.

हौसा भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. म्हणाली, "मला चालतंय, आबा. सांगितलं तेवढं करणारा नवरा हल्ली मिळतोय कुठं?"

घ्या! पोरगीही फितूर. मग कोंडाजीनं डोकं चालवलं. बहिणीला म्हणाला, "हे बघ साळू, औंदाच्या पाव्हण्यांबरोबर चार दिवस मी लहानूला नेतो. सगळे खूश होऊन गेले तर पोरगी दिली. एकानं जरी तक्रार केली, तर पुन्हा विषय काढायचा नाय."

साळूबाई कबूल झाली. कोंडाजी मनात हसला. लहानू बरोबर असणार आणि तक्रार होणार नाही? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.

पाऊस सरला, सोनकी फुलली, डोंगर पिवळाधमक झाला, आणि पाव्हणे आले. सहा जणं होती. म्होरक्या होत्या सुनेत्राताई. डोंगर कसा चढावा, पाणी कसं प्यावं, श्वास कुठून घ्यावा, सगळं त्यांना ठाऊक. दुसरे नाडकर्णीसाहेब, बँकेतून रिटायर झालेले, पोट पुढे आणि टोपी मागे. तिसरा दाढीवाला प्रसन्न. हा काठीला मोबाईल लावून दिवसभर त्याच्याशीच बोलायचा. उरलेल्या तिघांना नवे बूट चावत होते. ते त्यातच गुंतले होते, त्यांची नावं कशाला हवीत?

कोंडाजीनं भाकरी-चटणीचं गाठोडं लहानूच्या डोक्यावर दिलं. म्हणाला, "वाट तुला ठावं हाय. तू पुढं चालायचं."

"बरं, मामा."

आणि लहानू पुढं चालला. पुढंच चालला. पाव्हणे दम खायला बसले, हा चालला. पाव्हणे फुलांचे फोटो काढायला थांबले, हा चालला. दुपार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले, आणि भाकरीचं गाठोडं डोंगराआड कुठं गेलं ते कोणालाच दिसेना. संध्याकाळी सगळे लंगडत मुक्कामाच्या देवळात पोचले, तर लहानू खांबाला टेकून घोरत होता.

कोंडाजीनं त्याला गदागदा हलवला. "आरं ठोंब्या! पाव्हण्यांना सोडून कुठं गेलास?"

"पुढं गेलो, मामा. तुम्हीच म्हणालात."

"पाव्हण्याला सोडायचं नाय! पाव्हणा जाईल तिथं जायचं. पाव्हणा थांबला की थांबायचं, पाव्हणा बसला की बसायचं. कळलं?"

"बरं, मामा."

सकाळी उजाडलं. नाडकर्णीसाहेब पाण्याची बाटली घेऊन, इकडेतिकडे बघत, गुपचूप करवंदीच्या जाळीमागे गेले. लहानूही गेला. साहेब थांबले, लहानू थांबला. साहेब बसले. लहानू समोर बसला.

त्या माणसानं जी किंकाळी फोडली, ती पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली. साहेब एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं अब्रू सांभाळत देवळाकडे पळत सुटले. त्यांच्या मागोमाग लहानूही पळत आला, कारण पाव्हणा जाईल तिथं जायचं होतं.

"आरं, काय लाज?" कोंडाजी ओरडला. तोंडावर राग आणला होता, पण आत गुदगुल्या होत होत्या. एक तक्रार तर पक्की झाली! "माणूस जाळीआड गेला की त्याच्याकडं पाठ करायची. डोळे झाकायचे. तो ओरडला तरी वळून बघायचं नाय!"

"बरं, मामा."

त्याच दिवशी उतारावर गवत निसरडं होतं. नाडकर्णीसाहेबांचा पाय सटकला आणि ते पोटावर घसरत, टोपी हवेत उडवत, सरळ करवंदीच्या जाळीत जाऊन अडकले. "अरे वाचवा! काटे! काटे!"

लहानू जाळीपासून हातभर अंतरावर होता. त्यानं पाठ केली. दोन्ही हातांनी डोळे झाकले. साहेब ओरडत राहिले आणि हा खांबासारखा उभा. मागून कोंडाजी धावत आला, त्यानं कोयत्यानं जाळी तोडून साहेबांना बाहेर काढलं. तोंडभर ओरखडे, शर्टाच्या चिंध्या.

"तू काय करत होतास रे इथं?"

"मामा, साहेब जाळीआड गेले होते," लहानू डोळे झाकूनच म्हणाला. "मी अजून बघितलं नाय."

कोंडाजीनं कपाळावर हात मारला. "आरं, माणूस वरडतोय, हातपाय झाडतोय, तर धाव घ्यायची! उडी टाकायची, बखोट धरायचं आणि बाहेर ओढायचं. काही विचारत बसायचं नाय!"

"बरं, मामा."

तिसऱ्या दिवशी डोह आला. पाणी कमरेइतकं, स्वच्छ, गार. प्रसन्न दाढीवाल्याला हर्षवायू झाला. काठी खडकात रोवली, मोबाईल चालू ठेवला, आणि कपडे काढून पाण्यात शिरला. "याऽहूऽ!" म्हणून वरडायला लागला, हातपाय झाडायला लागला.

धप्प! लहानू कपड्यांसकट पाण्यात. बखोट धरलं, ओढलं, खडकावर आणून आपटलं.

"अरे, काय करतोयस? मी मजा करतोय!" म्हणून प्रसन्न परत पाण्यात गेला. गार पाण्यानं परत वरडला. धप्प! परत खडकावर. प्रसन्नही हट्टी, तो तिसऱ्यांदा गेला. शहरातल्या माणसाला एकदा सांगून कळतं थोडंच! या वेळी बखोट निसटलं म्हणून लहानूनं दाढी धरली.

सुनेत्राताईंना हे बघवेना. त्या मध्ये पडल्या. "कोंडाजी, तुम्ही सारखे रागावता, म्हणून तो गोंधळतो. माणसाला तत्त्व समजावून सांगायचं असतं. लहानू, इकडे ये. बस."

लहानू निथळत बसला.

"हा डोंगर कोणाचा? डोंगराचाच. आपण इथून काही न्यायचं नाही. दगड नाही, फूल नाही, पान नाही. जिथलं ते तिथंच राहू द्यायचं. न्यायचा तो फक्त फोटो. समजलं?" आणि त्यांनी लहानूला मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं. लहानूकडे मोबाईल होता. आजवर तो त्यावर फक्त किती वाजले ते बघायचा.

"बरं, ताई."

शेवटच्या दिवशी लहानूच्या पाठीवर ताईंची पिशवी होती. पिशवी जड होती. एका वळणावर बाटली काढायला त्यानं ती उघडली, तर आत कपड्यात गुंडाळलेला एक गुळगुळीत काळा दगड. डोहाकाठचा. ताईंनी घरी कुंडीशेजारी ठेवायला घेतला होता! तत्त्व सांगून झाल्यावर लगेच घेतला असावा.

लहानू वळला आणि चालायला लागला. पाणी, खाऊ, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्याच पाठीवर. बाकीचे कोरड्या घशानं उन्हात बसून राहिले. बऱ्याच वेळानं स्वारी परतली.

"ताई, तुमच्या पिशवीत चुकून डोंगराचा दगड आला होता. जिथला तिथं ठेवून आलो. हा बघा फोटो."

मोबाईलवर दगड होता. डोह होता. थोडासा लहानूचा अंगठाही होता.

सगळे ताईंकडे बघायला लागले. ताई लालबुंद झाल्या. आता रागावणार कोणत्या तोंडानं? चार लोकांत त्या हसल्या, लहानूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाहिलंत? याला कळलं! शाबास लहानू, हे कधी विसरू नकोस."

झालं. आजवर प्रत्येक शिकवणीमागून शिव्या यायच्या आणि शिव्यांबरोबर नवी शिकवण. या वेळी शाबासकी आली. नवी शिकवण काही आली नाही. म्हणून जुनीच लहानूच्या डोक्यात मांडी घालून बसली.

वाघदऱ्यात गाडी पाव्हण्यांची वाट बघत होती. साळूबाई आली होती, हौसाही वरून उतरली होती. कोंडाजीनं मुद्दाम सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "काय मंडळी, ह्या पोराचा फार तरास झाला ना? बिनधास्त सांगा!" आणि ओरखड्यांनी भरलेल्या नाडकर्णीसाहेबांकडे मोठ्या आशेनं बघितलं.

साहेबांनी लहानूला जवळ ओढलं. "त्रास? अहो, हा मुलगा एक क्षण मला एकटं सोडायला तयार नव्हता! माझी मुलंसुद्धा इतकी मागे मागे करत नाहीत."

"माझा व्हिडिओ केवढ्या लोकांनी पाहिला!" प्रसन्न दाढी चोळत म्हणाला. "दाढी ओढतो ना, तो. लोक वेडे झालेत."

वेडे होते ते दिसतच होतं.

"किती निरागस!" ताई म्हणाल्या. "कोंडाजी, हिरा आहे हा."

गाडी धूळ उडवत गेली. कोंडाजी त्या धुळीत उभा राहिला. शब्द त्याचाच होता, आता गिळणार कसा? साळूबाईनं तिथल्या तिथं साखर वाटली. हौसा पदरात हसत होती. ती त्या क्षणी कोंडाजीला सगळ्यांत मूर्ख वाटली.

लग्न वरच्या वाडीत लागलं. झकास लागलं. लहानूला हार घाल म्हटलं, त्यानं घातला. घास भरव म्हटलं, त्यानं भरवला. कोंडाजीला वाटायला लागलं, चला, निभावेल. माणूस तसा वाईट नाही. पोरगी हुशार आहे, रोज सकाळी काय ते नीट सांगेल.

वऱ्हाड उतरायची वेळ झाली. उतार कठीण, म्हाताऱ्याकोताऱ्या बरोबर, म्हणून कोंडाजी स्वतः पुढं झाला. हाताला धरधरून त्यानं एकेका म्हातारीला खाली आणलं. नवरा-नवरीनं मागाहून यायचं होतं, वाडीच्या वेशीवरच्या देवाला नारळ फोडून. तशीच रीत होती.

साळूबाई दारात ताट घेऊन उभी राहिली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. भाकरतुकडा तयार. सून येणार, माप लवंडणार, मुठीत धरलेला हक्क आज घरात येणार. वाजंत्रीवाल्यांनी जोर धरला.

वाटेवर बाशिंग दिसलं. बाशिंगाखाली लहानू दिसला. लहानूच्या मागं कोणीच दिसेना.

वाजंत्री एकेक करत बंद पडली.

"आरं, सून कुठाय?" साळूबाई म्हणाली.

"कोण?"

"हौसा! तुझी बायको!"

"ती व्हय? ती वर हाय. वेशीवर."

कोंडाजी पुढं झाला. "वर काय करतीय?"

"काय नाय. बसलीय. जरा थांब म्हटलं, तर थांबली." लहानूनं बाशिंग सरळ केलं. "ती वरच्या वाडीची ना, मामा? डोंगरावरचं काही खाली न्यायचं नाय. जिथलं तिथं ठेवायचं. ताई सांगून गेल्यात, कधी विसरू नको म्हणून."

कोंडाजी वरच्या वाटेकडं बघायला लागला. साळूबाईनं ताट खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. लहानूला वाटलं, आईला वाईट वाटतंय. रिकाम्या हातानं आलो असं तिला वाटतंय.

"आये, रडू नको," तो म्हणाला. "तसा मोकळा नाय आलो मी."

त्यानं खिशातून मोबाईल काढला. त्यावर वेशीवर बसलेली हौसा होती, शालू नेसलेली, हसणारी. थोडासा लहानूचा अंगठाही होता. त्यानं मोबाईल उंबऱ्यावर मापाशेजारी नीट उभा केला, आपण बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "हं, आता ओवाळ."