गेल्या नाताळचं यीस्ट

“ब्रदर, यीस्ट मेलंय की नुसतं झोपलंय, हे ओळखायचं कसं?”

इनास दारातूनच बोलत होता. चपलाही काढल्या नव्हत्या. हातात औषधाची जुनी बाटली, तिच्या तळाशी करडा गाळ.

मठाच्या स्वयंपाकघरात ब्रदर बस्त्याव पातेलं घासत होते. सणासुदीची बिअर मठात तेच करत, आणि इनासलाही त्यांनीच शिकवली होती. म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. ऐकायचं काम इनासकडे होतं, तिथं सगळा आनंदीआनंद.

“कुठलं आहे?”

“गेल्या नाताळच्या पिंपातलं. पेद्रूनं न् मी, दोघा भावांनी मिळून केलेली शेवटची बिअर. त्यानंतर आमचं ते भिंतीवरून... तुम्हाला ठाऊकच आहे.”

ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वर्षभर दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

“पेद्रू सणाला घरी येतोय, ब्रदर. स्वतःहून! बिअर याच यीस्टची हवी. निम्मं काल वापरलं, तर ढिम्म. बुडबुडा नाही की काही नाही. आता हे एवढंच उरलंय.”

“नवीन पाकीट आण.”

“नको! त्याला पहिल्या घोटात कळेल. म्हणेल, यानं तेही टाकून दिलं.”

“मग आधी साखरपाण्यात जागं कर.”

“केलं की! तुम्ही मला काय इतका कच्चा समजता?”

“कर इथं.”

इनासनं धुसफुसत किटली चुलीवर ठेवली. पाणी खळखळलं, तसं कपात ओतलं, साखर टाकली आणि बाटली वाकडी करायला घेतली.

ब्रदरांनी त्याचं मनगट धरलं.

“बोट बुडव.”

“कशात?”

“कपात.”

“अहो, उकळतं पाणी आहे! भाजेल ना!”

ब्रदरांनी बाटलीतल्या यीस्टकडे बोट दाखवलं.

इनासचा चेहरा उतरला. “म्हणजे काल ते... मीच? पण मला वाटलं, जुनं आहे, गारठलंय, जास्त ऊब दिली तर लवकर उठेल.”

ब्रदरांनी कपाळाला हात लावला. कपातलं पाणी मोरीत ओतलं. दुसरं घेतलं, कोमट केलं, साखर घातली, त्यात स्वतःचं बोट बुडवून बघितलं आणि मग बाटली रिकामी केली. वर फडकं झाकलं.

इनास दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघे.

“ठेव खाली.”

“काहीच होत नाहीये.”

“ठेव म्हणतो ना!”

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, तेव्हा कपाच्या कडेला फेसाची बारीक रेघ आली होती.

हसावं की रडावं, इनासला कळेना. बाहीनं डोळे पुसून तो ताठ उभा राहिला.

“आता बघाच, ब्रदर! पेद्रू दारात आला की पहिला ग्लास त्याच्या हातात. आणि तिथंच विषय काढतो. भिंत कोणी चुकीची घातली, ते सरळ तोंडावर सांगून टाकतो. एकदाचा निकाल लागू दे!”

ब्रदरांनी डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. मग कप त्याच्या हातात देऊन त्याला दाराकडे वळवलं.

“इनास... आधी बोट बुडवून बघ.”