पानावरचा गोलंदाज

"फाडून टाकू का हे पान, बाबा? सांगा ना!"

हैबतरावानं चित्रवही फकिराच्या पुढ्यात आदळली. तापीकाठी चिंचेखाली बसलेले नजरअली बाबा जराही हलले नाहीत. फकिरी घेण्याआधी उमरावांसाठी अशा वह्या बांधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांना आदळआपटीचं काय कौतुक!

वही मात्र साधीसुधी नव्हती हं. सुरतेच्या बंदरात उतरलेली फिरंगी छापाची चित्रं हैबतरावानं हौसेनं जमवली होती. शहरं, गलबतं, वेढे, लढाया. बऱ्हाणपुरातली बडी बडी माणसं बघायला यायची आणि हा मिशीला पीळ देत पानं उलटायचा.

एका पानावर तोफेला बत्ती देणारा गोलंदाज होता, कुठल्या मुलखातला देव जाणे. हैबतरावाचा थोरला भाऊ रायाजी किल्ल्याच्या वेढ्यात तोफेपाशी पडला. त्याचं चित्र कुणी काढलेलं नव्हतं. म्हणून यानं या गोलंदाजाखालीच भावाचं नाव लिहून टाकलं. येईल त्याला सांगायचा, हे आमचे दादा.

"काल आई आली गावाहून. पान बघितलं नि म्हणाली, हा कोण रे मेला?"

बाबा खो खो हसले.

"हसू नका, बाबा! अख्खं बऱ्हाणपूर याला दादा समजतं. आणि मी डोळे मिटून दादाला आठवायला गेलो, तर... हाच समोर! चार वर्षं रोज बघतोय ना. माझ्या दादाचा चेहरा गेला हो."

आणि एवढा मिशीवाला गडी ढसाढसा रडला.

बाबांनी फडकं भिजवून चित्रावर ठेवलं. चिकटवलेली खळ मऊ झाली, तसं चित्र अलगद सोडवलं नि मांडीवर वाळत घातलं. मग नावावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं कोण?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

...

हैबतराव बघत राहिला. मग पुटपुटला, "हसला की डावा डोळा बारीक व्हायचा त्याचा... कानाची पाळी फाटलेली. बैल माझ्या अंगावर आला, तेव्हा हा मधे पडला होता..."

बोलता बोलता तो ताडकन उठला. "आला, बाबा! दादा आला! अगदी तस्सा!"

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. उपकार, उपकार, एवढंच तोंडातून निघत होतं. मग डोळे पुसले आणि त्या गोलंदाजाला नदीत भिरकावायला उचललं.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. चित्र काढून घेतलं, आणि त्याला अदबीनं सलाम केला.

"याला सलाम, बाबा? या फिरंग्याला?"

"तूही कर. चार वर्षं तुझ्या दादाची जागा राखून बसला होता तो."