एका मताचा भाव

पाच टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या एका जंगलात, नदीकाठच्या जांभळीवर एक खार राहत असे. खार मोठी उद्योगी होती, परंतु स्वस्थता म्हणून काय असते हे तिला ठाऊक नव्हते. या फांदीवर बसली की ती फांदी बरी वाटे. त्या फांदीवर गेली की खोड बरे वाटे. मात्र एक गोष्ट ती न चुकता करी. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणून ती उन्हाळाभर चारोळ्या वेची आणि जांभळीखालच्या उंचवट्यावर, कोरड्या मऊ मातीत जागोजागी पुरून ठेवी. त्याच मातीत बीळ करून एक उंदरीण आपल्या सहा पिल्लांसह राहत असे. दोघींचा शेजार चांगला होता.

या जंगलाचे पाच प्रांत होते. दर तीन वर्षांनी प्रत्येक प्रांतातील प्राणी आपापला प्रांतप्रमुख निवडीत. आज एका प्रांतात, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्यात. निवडण्याची रीत साधी होती. नदीच्या कातळात पाण्याने कोरलेला एक खोल रांजणखळगा होता. प्रत्येक प्राण्याने त्यात एकच खडा टाकायचा. एका उमेदवारासाठी पांढरी गारगोटी, दुसऱ्यासाठी काळा खडा. खळग्याच्या तोंडाशी एक वृद्ध कासव बसे; पण बसे ते पाठ फिरवून. कोणी कोणता खडा टाकला, हे पाहायचे नाही आणि विचारायचेही नाही, असा दंडक होता. सूर्य टेकडीआड गेला की कासव खडे मोजी आणि निकाल सांगे.

आता मुलांनो, या निवडणुकांपायी जंगलात एक नवे खूळ शिरले होते. करवंदीच्या जाळीखाली एका कोल्ह्याने पैजा घेण्यास आरंभ केला होता. कोण निवडून येणार ते सांगावे, त्यावर चारोळ्या लावाव्यात; अंदाज खरा ठरला तर वाढवून न्याव्यात, खोटा ठरला तर हात हलवीत घरी जावे. कोल्ह्याला चारोळ्यांचा काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. जाळीखाली चारोळ्यांचा ढीग असला म्हणजे रानकोंबड्या तेथे दाणे टिपायला येतात. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही.

कोल्ह्याला एकतर्फी लढती आवडत नसत. तो म्हणे, "ज्याचा निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यावर पैज कसली? लढत काट्याची हवी. रात्री एक पुढे, सकाळी दुसरा. मग पाहा प्राण्यांना घास कसा गोड लागत नाही तो!"

मावळतीकडच्या प्रांतात दोन वानरांची अशीच चुरशीची निवडणूक झाली, तेव्हा खारीने गंमत म्हणून मूठभर चारोळ्या लावल्या. कोठले वानर कोठे निवडून येते, याचे तिला सोयरसुतक नव्हते. तिचे वानर दोन खड्यांनी जिंकले आणि मुठीच्या दोन मुठी झाल्या. उन्हाळाभर उन्हात वणवण करून जे मिळते, ते बसल्या जागी मिळाले! त्या दिवसापासून खारीच्या शेपटीला क्षणभरही विसावा राहिला नाही.

पुढे वैशाखात तिच्या स्वतःच्या प्रांताची पाळी आली. उभे होते दोघे. एक सांबर. तो तीन वर्षे प्रांतप्रमुख होता. स्वभावाने ताठ, कोणी नमस्कार केला तर नुसती शिंगे हलवी. पण नदीकाठची मऊ जमीन कोणीही उकरू नये, असा नियम त्याने केला होता आणि तो कसोशीने पाळवला होता. दुसरा रानडुक्कर. तो दिलखुलास, सर्वांना नावाने हाक मारणारा. त्याचे सांगणे एवढेच होते : "जमीन काय कुणाच्या वाडवडिलांची आहे? जिथं वास येईल तिथं उकरा आणि खा! मी निवडून आलो की दुसऱ्या दिवशी नदीकाठ मोकळा!" हे ऐकून साळिंदरे व अस्वले खूश झाली होती. सांबराच्या ताठ्याला कंटाळलेले इतरही बरेच जण होते. लढत अगदी अटीतटीची होणार, हे उघड होते.

खारीला कोण हवे होते, हे काय सांगायला पाहिजे? तिची सारी बेगमी त्या मातीत होती.

मतदानाच्या दिवशी सकाळी उंदरीण बिळाबाहेर आली आणि वर पाहून म्हणाली, "खारूताई, येताय ना? उन्हं चढायच्या आत खडा टाकून येऊ. पिल्लांना फार वेळ सोडवत नाही हो मला."

खारीच्या तोंडात सांबरासाठी शोधून ठेवलेली पांढरी गारगोटी होती. ती बाजूला काढून खार म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, वहिनी. माझं थोडं काम आहे."

"काम? आज?"

"आलेच हो मी! सूर्य मावळेपर्यंत मुभा आहे ना?"

उंदरीण गेली आणि खार थेट करवंदीच्या जाळीशी पोहोचली. कोल्हा जणू वाटच पाहत होता.

"या, खारूताई! तुमच्यासारखी जाणती गिऱ्हाइकं आली की बरं वाटतं बघा. नाही तर ती घूस! वानर कोणतं नि वांदर कोणतं ते विचारीत होती."

"आज भाव काय?" खारीने विचारले.

"सांबरावर दोन लावा, एक वर मिळेल. रानडुकरावर लावा, एकाला तीन."

खारीने मनाला विचारले आणि सांबरावर लावण्याचे ठरवले. साठ्यातील चौथाई चारोळ्या खेपा घालून आणल्या आणि ढिगात ठेवल्या. येथे ती थांबती तर ही गोष्ट सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. पण इतक्यात टिटवी आरडत आली, "ऐकलंत का? साळिंदरांचं सारं कूळ नदीवर आलंय! लहानथोर सगळी! काळ्या खड्यांचा पाऊस पडतोय नुसता!"

खार गर्रकन वळली. "कोल्होबा, माझी पैज बदलून देता का?"

"देतो की! आपण काय अडून बसणारे आहोत? दहातली एक मात्र इथं राहील. वहिवाट आहे."

खारीने पैज रानडुकरावर फिरवली. मग ती अस्वलाकडे धावली. अस्वल म्हणाले, "मला काय ठाऊक! मी झोपेतून आत्ता उठतोय." ती मोराकडे धावली. मोर म्हणाला, "सगळीकडे सांबर, सांबर आणि सांबर." ती परत फिरते तोच हरिणांचा अख्खा कळप पाण्यावर उतरताना दिसला. खार धापा टाकीत जाळीशी आली.

"बदलायची?" तिने तोंड उघडण्यापूर्वीच कोल्ह्याने विचारले. "दहातली एक."

दुपारपर्यंत तिने पाच वेळा पैज फिरवली. प्रत्येक वेळी ढीग थोडा कमी झाला. हे गेलेले भरून काढले पाहिजे, म्हणून तिने साठ्यातील आणखी चौथाई उकरून आणली. अशा रीतीने अर्धा पावसाळा कोल्ह्याच्या जाळीखाली जाऊन पडला. शेवटच्या वेळी पैज रानडुकरावर होती आणि कोल्ह्याने जाहीर केले, "आता बदल बंद. ज्याचं त्याच्या नशिबी!"

खारीने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. झाडावर चढली, उतरली. कातळावर गेली, परतली. रानडुक्कर पडला तर अर्धा साठा बुडणार होता. भर श्रावणात पोटाला काय बांधायचे? आणि तो निवडून आला तर एकाचे तीन! पण तो निवडून आला तर नदीकाठ... तेवढ्यावर विचार येई आणि खार तो विचार अर्धा टाकून दुसऱ्या फांदीवर उडी मारी.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा ती खळग्याशी पोहोचली. तेथे मोजकेच प्राणी उरले होते. दोन भेकरे हळू आवाजात बोलत होती.

"काय वाटतं तुला?"

"अगदी बरोबरीत आहेत म्हणतात. एकदोन खड्यांचा प्रश्न."

कासव पाठ फिरवूनच म्हणाले, "आटपा, खारूताई. दिवसभर इकडून तिकडे पळताना दिसत होतात. एक खडा टाकायला इतका वेळ?"

खारीने येताना सकाळची पांढरी गारगोटी तोंडात धरून आणली होती. ती तिने खाली ठेवली. कातळाच्या खोबणीत काळे खडे पडलेले होते. तिने मनाची समजूत घातली : 'माझ्या एका खड्याने काय होणार आहे? सांबर यायचा असेल तर माझ्यावाचूनही येईल. रानडुक्कर यायचाच असेल, तर निदान चारोळ्या तरी पदरात पडू देत.'

काळा खडा खळग्यात पडल्याचा आवाज अगदी लहान झाला. कासवाने मान हलवली नाही.

मोजणी झाली. निकाल ऐकायला सारे प्राणी जमले होते. कासवाने पांढरे खडे एकीकडे लावले, काळे दुसरीकडे, पुन्हा मोजले आणि घसा खाकरून सांगितले, "सांबर, एकशे अठरा. रानडुक्कर, एकशे एकोणीस."

एकच गिल्ला झाला. साळिंदरांनी काटे वाजवले. सांबराने शिंगे किंचित हलवली आणि कोणाशी न बोलता तो झाडीत निघून गेला. खारीने मनाशी हिशेब केला. आपला खडा इकडचा तिकडे केला असता तर... तिने हिशेब तेथेच सोडला आणि कोल्ह्याच्या जाळीकडे धाव घेतली.

कोल्ह्याने कुरकुर केली नाही. पैजेच्या बाबतीत तो चोख होता. "उद्या उजाडता या, खारूताई. एकाला तीन. मोजून घ्या. आणि उगवतीच्या प्रांतात पंधरा दिवसांनी दोन तरसांची लढत आहे बरं का, याहूनही चुरशीची!"

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून खार चारोळ्या वाहू लागली. तोंड भरून न्यायच्या, जांभळीखाली पुरायच्या, पुन्हा धावायचे. एवढा साठा तिने जन्मात पाहिला नव्हता. पंधरा खेपा झाल्या, वीस झाल्या. उन्हे डोक्यावर आली. शेवटची खेप घेऊन ती नदीकाठी आली आणि जागच्या जागी थबकली.

जांभळीखालचा उंचवटा दिसत नव्हता. होती ती उलथीपालथी झालेली काळी ढेकळे आणि त्यांत मुस्कटे खुपसलेली दहाबारा रानडुकरे. नवा प्रांतप्रमुख स्वतः मधोमध उभा होता. त्याने मोठ्या प्रेमाने हाक मारली, "या, या, खारूताई! शब्द दिला होता तो पाळला की नाही? दुसऱ्याच दिवशी नदीकाठ मोकळा! आणि काय जमीन आहे हो तुमच्या झाडाखाली! जिथं उकरावं तिथं चारोळ्याच चारोळ्या. अशी जमीन आम्ही दुसरीकडे पाहिली नाही!"

खारीने पाहिले. जुना उरलेला अर्धा साठा गेला होता. सकाळपासून वाहिलेला नवा साठाही गेला होता. एकाचे तीन झालेले डुकरांच्या पोटात होते.

ढेकळांच्या पलीकडून उंदरीण येत होती. तिचे बीळ फुटले होते. दोन पिल्ले तिच्या पाठीला बिलगली होती, तीन मागून लटपटत येत होती. सहावे कोठे आहे, हे खारीला विचारवले नाही. उंदरीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"निघाले हो मी, ताई. पलीकडच्या काठाला खडकात एखादी फट मिळते का बघते. इथे आता राहण्यात अर्थ नाही." तिने पिल्लांकडे पाहिले. "एका खड्यानं गेलं हो सगळं. आपण दोघींनी तर दिले होते पांढरे. कुणी विचारू नये असा दंडक आहे, म्हणून विचारत नाही; पण राहून राहून मनात येतं, तो एक खडा कुणी टाकला असेल? त्याला काय मिळालं असेल?"

खारीचे तोंड जिंकलेल्या चारोळ्यांनी गच्च भरलेले होते.

उंदरीण तिच्या फुगलेल्या गालांकडे आणि भरलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "नका बोलू, ताई. तुम्हालाही किती लागलंय ते दिसतंय मला." आणि पिल्लांना पुढे घालून ती पाण्याच्या कडेने निघून गेली.

तात्पर्य : जो निर्णय आपल्या हाती सोपवला आहे, त्यावर पैज लावू नये; ज्यात आपले आणि शेजाऱ्याचे घर पणाला लागते, त्या खेळात पैज जिंकणाराही घर हरून बसतो.