सटवाजी कल्हईवाल्याचा दहावा

माझ्याइतक्या आवडीनिवडी उभ्या पंचक्रोशीत कुणाला नाहीत, असं सटवाजी कल्हईवाला चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. आणि कुणी मान डोलवायच्या आत स्वतःच म्हणायचा, "म्हंजे आवडी हायेत हो. निवडीचं काय जमलं न्हाई."

ही आंबेघळीची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर ओढ्याकाठी आज जी चिंच आभाळाला टेकलीय, ती तेव्हा शेळीच्या तोंडाला येईल एवढी होती.

सटवाजी खांद्यावर भाता टाकून गावोगाव हिंडे, भांड्यांना कल्हई करी आणि परतताना दर खेपेला काहीतरी नवं आवडून घेऊन येई. देवळातलं भजन आवडायचंच. पिराच्या उरुसात कव्वाली ऐकली, ती आवडली. तमाशातली लावणी आवडली, आणि हे त्यानं भजनी मंडळाला सांगितलं. भजन आवडतं हे तमाशावाल्यांना सांगितलं. दोघांनीही त्याला आपल्यातून उठवून दारात बसवला, तर त्याला दारात बसणंही आवडलं! नदीपलीकडची कानडी गाणी तर जीव की प्राण, आणि त्यातला शब्द कळेल तर शपथ. "कळत न्हाई म्हणून तर कान मोकळा ऱ्हातो," म्हणायचा. कुस्त्यांना पहिल्या रांगेत बसायचा आणि बसल्या बसल्या गोधडीला टाके घालायचा. पैलवान हसायचे. थंडी पडली की तेच पैलवान गोधडी मागायला यायचे. त्याला शिळी भाकर-खर्डा आवडे, तशी बेकरीतली नानकटाईही. एकदा त्यानं नानकटाईवर खर्डा घालून खाल्ला. तेही आवडलं. तिथं मात्र त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, हात टेकले.

असं म्हणतात, की कल्हई करताना तो जे गाणं म्हणे ते भांड्यात मुरायचं. पाटलांच्या पातेल्यात डाळ रटरटायची ती कव्वालीच्या ठेक्यात, आणि पाटील पाटावर बसून डोलायचे. पाटलांचे पणतू हे साफ नाकबूल करतात. पण जेवताना त्यांच्या माना बघा.

साळूबाईला हे सगळं चालत होतं. ती धास्तावली ती म्हाताऱ्या वाण्याच्या दहाव्याला. दहाव्याला पिंड मांडतात, आणि कावळा शिवेपर्यंत घरचे लोक गेलेल्या माणसाच्या आवडीचं, त्याच्या मनात राहिलेलं, एकेक बोलून दाखवतात. वाण्याच्या चार मुलांना बापाला काय आवडायचं तेच आठवेना. दुपार टळली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्या घराला गाव 'दर्भाचे' म्हणायला लागलं, ते आजतागायत म्हणतं.

साळू घरी आली ती घामाघूम होऊन. वाण्याचं एक वेळ ठीक, त्याला आवडी असतील दोन. ह्यांना तीनशे! एखादी सांगायची राहिली, की कावळा बसला फांदीवर आणि नवरा लटकला अधांतरी.

"अवं, आत्ताच सांगून ठिवा," ती म्हणाली. "तुमचा जीव नेमका कशात अडकंल?"

इतका गोड प्रश्न सटवाजीला जन्मात कुणी विचारला नव्हता. तो भाता मारता मारता सांगत सुटला. साळूला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सुंभाला एकेक गाठ मारत गेली. असं म्हणतात, तीन दिवसांत सुंभ उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत पोचला. जुन्या आवडी सांगता सांगता नव्या जडत होत्या, त्याला कोण काय करणार?

"आगं, गाठ मारताना तू जीभ चावतीस न्हवं," तो मध्येच म्हणाला, "ते बी घाल त्यात."

साळूनं ती गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

पुढं पान पिकलं आणि अलगद गळालं. दहाव्याला अख्खी आंबेघळी ओढ्यावर लोटली. पिंड मांडले. उंबरावर कावळा येऊन बसला. साळू गाठी चाचपत बोलू लागली. ती भजन म्हणाली, तसं भजनी मंडळ उठून गायलं. कव्वाली म्हणाली, तसे उरुसातले कव्वाल पुढं आले. लावणी म्हणाली, तेव्हा सगळ्यांनी नारोपंत भटजींकडे बघितलं. भटजींनी ओढ्याकडे बघितलं. लावणी झाली. दोन पैलवान तिथंच वाळूत भिडले. कावळा एकेक फांदी खाली येत होता, पण पिंडाला शिवत नव्हता. मान तिरकी करून ऐकत होता.

असं म्हणतात, अख्खा सुंभ संपला, ऊन कललं, तरी कावळा हलला नाही. नारोपंतांनी दर्भ काढला.

"साळूबाई, माणसाला इतक्या आवडी असल्या की असंच व्हायचं."

साळूनं सुंभाचं टोक पुन्हा चाचपलं. आता आपल्यालाही 'दर्भाचे' म्हणणार! तिनं मान वर करून कावळ्याकडे नीट पाहिलं. पन्नास वर्षं बघितलेली नजर ती. जीव अडकलेला माणूस असा बघत नाही. आता पुढचं गाणं कुठलं, म्हणून मांडी ठोकून बसलेला माणूस असा बघतो.

तिनं सुंभ खाली टाकला. "अवं, हितलं समदं चाखून झालं की," ती म्हणाली. "तिकडचं तेवढं ऱ्हायलंय. जाऊन तर बघा. आवडंल तुमाला."

कावळा झपकन उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडाला. असं म्हणतात, की तो पंखसुद्धा ठेका धरून मारत होता. ठेका कव्वालीचा की भजनाचा, यावर गावात अजून दोन तट आहेत.

आंबेघळीत आजही दरवर्षी त्या तिथीला सगळे ओढ्यावर जमतात आणि वर्षभरात नव्यानं जडलेली एक तरी आवड सांगतात. ज्याला सांगता येत नाही, त्याला शेजाऱ्याची आवड वर्षभरासाठी उसनी घ्यावी लागते. अशानंच एका पाटलीणबाईंना कबुतरांचा नाद लागला आणि गावच्या पैलवानाला रांगोळीचा.

पहिल्याच वर्षी पाळी आली नारोपंतांची. "मला तर लहानपणापासून एकच आवडतं, तूप-भात," ते ऐटीत म्हणाले. "नवंबिवं काही नाही. माझ्या दहाव्याला बघाल तुम्ही, पिंड मांडायच्या आत कावळा शिवेल."

"शिवंल की," साळूबाई म्हणाली. "पर मग भटजी, दिसभर तुमच्यासाठी थांबंल कोण?"